वंचित बालपण (ग्रामीण विदर्भ)

शिक्षण, खेळ, पुरेसे अन्न आणि मोठ्यांचे छत्र यांच्या आधाराने जे वय निर्धास्तपणे सरावे, ते मजुरीत किंवा घरच्या विवंचनेत खर्ची पडणे म्हणजे वंचित बालपण होय. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेने विश्रांती आणि खेळ हेही मुलांचे हक्क मानले असून भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या पोळ्याला, लाकडी बैल घेऊन दारोदार बोजारा (खाऊ-पैसे) मागणारे मूल हे विदर्भातील बालपणाचे ओळखीचे रूप आहे. परंतु त्यानंतर काही आठवड्यांतच कपाशी फुटू लागते.

कोरडवाहू कपाशीची वेचणी साधारणतः दसरा-दिवाळीपासून काही महिने चालते. सगळी बोंडे एकदम फुटत नसल्याने त्याच शेतात पुनःपुन्हा जावे लागते, आणि मजुरी बहुधा किलोवर मिळत असल्यामुळे मुलाने वेचलेला कापूस आईच्या मापात जमा होतो. अशा मुलाला कोणी कामावर ठेवलेले नसते. त्याचे नाव मजुरांत नसते, शाळेच्या पटावर मात्र असते. कर्जबाजारी शेतकऱ्याने आत्महत्या केलेल्या घरांत थोरल्या मुलावर हा भार अधिकच लवकर येतो. मेळघाटातील अनेक कोरकू आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर मुलांसह मजुरीसाठी बाहेर पडून होळीला परततात, म्हणजे शाळेचे अर्धे वर्ष बुडते. मुले गावी राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे.

शिक्षण हक्क कायदा (२००९) ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देतो. बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी घातली, मात्र शाळेच्या वेळेनंतर व सुट्टीत घरच्या बिनधोक कामात मदत करण्याची मुभा ठेवली. वेचणीच्या शेतात या मुभेची हद्द पाळली जाते की नाही, हे पाहणारे सहसा कोणी नसते.

मुलींचे वंचित राहणे तर कायद्याच्या नजरेत येतच नाही. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातील एसटीच्या निळ्या बसगाड्यांमुळे अनेक मुलींना दूरची शाळा गाठता आली, हे खरे. पण आई वेचायला गेल्यावर तान्हे भावंड सांभाळण्यासाठी जी घरीच राहते, तिच्या दृष्टीने बस आली काय आणि गेली काय. अंगणवाडीतील शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आणि तेही काही तासांचेच असते, वेचणी मात्र दिवस कलेपर्यंत चालते.