प्लॅनेटला ब्लॉग द्यायचा, मॅगझिनला लेख

ऐरोली-महापेच्या कंपन्यांत दिवसभर नोकरी करून ट्रान्स-हार्बरने ठाण्याला परतायचं आणि रात्री डेबियन या लिनक्स प्रणालीचं एखादं पॅकेज किंवा केडीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉपचं मराठी भाषांतर उघडून बसायचं, अशी मंडळी आपल्याकडे बरीच आहेत. त्यातलं कुणी ब्लॉग लिहायला लागलं की प्रश्न ठरलेला: कम्युनिटीच्या साइटवर माझं लिखाण कसं येईल? यावर आधी उलट विचारावं लागतं, की कुठल्या साइटवर? कारण फेडोरा या लिनक्स प्रणालीचं एक प्लॅनेट आहे, म्हणजे प्रकल्पातल्या लोकांच्या ब्लॉगपोस्टी एकत्र दाखवणारं पान, आणि एक मॅगझिन आहे. डेबियनचं प्लॅनेट आहे, शिवाय ‘बिट्स फ्रॉम डेबियन’ हा प्रकल्पाचा अधिकृत ब्लॉग वेगळा. दोन्हीकडे वर प्रकल्पाचं बोधचिन्ह, खाली तारखेनुसार पोस्टी, प्रत्येकीला लेखकाचं नाव. नवख्याला फरक कळणार कसा?

मॅगझिनचं काम आधी उरकतो, कारण ते आपल्या ओळखीचं आहे. फेडोरा मॅगझिनला आधी विषय सुचवायचा. संपादकांना पटला तर लेख लिहायचा, ते तो तपासणार, सुधारणा सांगणार, चित्र ठरणार, तारीख मिळणार. वाचक मुख्यतः फेडोरा वापरणारा, त्यामुळे ‘हे कसं करावं’ छापाचे लेख तिथे चालतात. ‘बिट्स’ हा डेबियनच्या प्रसिद्धी पथकाच्या हातात असतो आणि तिथला शब्द प्रकल्पाचा शब्द मानला जातो. थोडक्यात, मॅगझिनला तुम्ही एक लेख देता आणि तो त्यांचा होऊन छापला जातो.

प्लॅनेटला लेख द्यायचाच नसतो. द्यायचा असतो तुमच्या फीडचा, म्हणजे ब्लॉगवरच्या पोस्टींच्या प्रोग्रामला वाचता येणाऱ्या यादीचा पत्ता, तोही एकदाच. जेफ वॉ आणि स्कॉट जेम्स रेम्नंट यांनी ‘प्लॅनेट’ नावाचा छोटासा पायथन प्रोग्राम लिहिला, त्यावरून या पानांना हे नाव मिळालं. सॅम रुबी यांनी त्याचीच पुढे ‘व्हीनस’ नावाची आवृत्ती केली. काम अगदी साधं. एका फाइलमध्ये माणसांची नावं आणि फीडचे पत्ते. प्रोग्राम ठरावीक वेळाने उठतो, प्रत्येक फीडमध्ये नवीन काही आहे का पाहतो, सगळं तारखेप्रमाणे लावतो आणि एक पान तयार करतो. पोस्ट छापण्याआधी ती कुणी वाचत नाही. गुढीपाडव्याला कौपिनेश्वर मंदिराच्या स्वागतयात्रेत चित्ररथ ज्याचा त्याने सजवायचा आणि आयोजकांनी रांग नि मार्ग ठरवायचा, तसाच हा कारभार.

म्हणून प्लॅनेटवर पारख होते ती माणसाची. प्लॅनेट डेबियनची यादी गिट या फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत आहे. डेबियन डेव्हलपर, म्हणजे प्रकल्पाचा अधिकृत सदस्य, स्वतःचं नाव स्वतः घालतो, बाकीच्यांनी कुणाला तरी सांगून घालून घ्यायचं. प्लॅनेट उबुंटूला उबुंटू या लिनक्स प्रकल्पाचं सदस्यत्व लागतं. ‘माझा ब्लॉग लिनक्सवर आहे’ एवढ्यावर कुणी घेत नाही, आणि मला तरी ते योग्यच वाटतं. लिनक्सवर लिहिणारे हजारो. प्लॅनेट म्हणजे त्या प्रकल्पात राबणाऱ्यांचे आवाज.

इथून पुढे लोक दोन टोकांना जातात. काही जण प्लॅनेटलाच मॅगझिन समजून प्रत्येक पोस्टला सुटाबुटात बसवतात. गरज नसते. प्लॅनेट डेबियनवर प्रवासवर्णनंही असतात, दर महिन्याच्या कामाचे कोरडे हिशेबही असतात. 2023 साली कोचीला डेबकॉन्फ ही डेबियनची वार्षिक परिषद झाली, त्यावर कुणी जेवणाबद्दल लिहिलं तर ते तिथे खपून जातं. दुसऱ्या टोकाचे लोक आख्ख्या ब्लॉगची फीड देऊन मोकळे होतात. मग घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकवरचं मराठी स्फुट थेट ब्राझील-जर्मनीतल्या वाचकापुढे. त्यात गुन्हा काही नाही, पण इंग्रजी प्लॅनेटवर मराठी पोस्टी वरचेवर आल्या की कुणीतरी हटकतंच. उपाय सोपा: संपूर्ण फीडऐवजी एकाच लेबलची फीड द्या. वर्डप्रेसमध्ये कुठल्याही वर्गाच्या पत्त्यापुढे ‘फीड’ जोडलं की त्या वर्गाची वेगळी फीड मिळते. ब्लॉगरवर लेबलची मिळते, ह्यूगो या साइट बनवणाऱ्या प्रोग्रामात टॅगची. प्रकल्पाच्या नावाचं एक लेबल करा आणि त्यात अधूनमधून थोडं घरचंही येऊ द्या. नुसते रिलीजचे अहवाल वाचायला प्लॅनेटवर कोण येतो?

खरी मेहनत फीडवर घ्यायची असते, आणि नेमकी तीच कुणी घेत नाही. मॅगझिनमध्ये चूक संपादक पकडतो. प्लॅनेटवर तुमच्या फीडमधली चूक शंभर माणसांच्या पानावर उमटते. फीड आरएसएस 2.0 या नमुन्याची असो, 2002 सालच्या, किंवा 2005 च्या डिसेंबरात आरएफसी 4287 या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजात ठरलेली अ‍ॅटम असो, प्रत्येक पोस्टला एक ओळखखूण लागते. अ‍ॅटममध्ये ती सक्तीची आहे. प्लॅनेट पोस्ट ओळखतं ते या खुणेवरून, मथळ्यावरून नव्हे. तुम्ही एका रविवारी हौसेने वर्डप्रेस सोडून ह्यूगोवर जाता, पत्ते बदलतात, खुणा बदलतात, आणि प्लॅनेटच्या लेखी तुमच्या सगळ्या जुन्या पोस्टी कोऱ्या करकरीत ठरतात. त्यात तारखाही गडबडल्या असतील तर सबंध पान एकाच माणसाने भरून जातं. प्लॅनेट वाचणाऱ्या कुणालाही विचारा, हा पूर त्याने पाहिलेला असतो. म्हणून स्थलांतर करताना जुन्या खुणा जशाच्या तशा ठेवा. ते जमत नसेल तर नव्या फीडमध्ये फक्त यापुढच्या पोस्टी सोडा.

तारखेचंही तसंच. वेळेपुढे +0530 लिहिलं नाही आणि वाचणाऱ्या प्रोग्रामने ती वेळ ग्रिनिचची धरली, तर ठाण्यात संध्याकाळी टाकलेली पोस्ट साडेपाच तास भविष्यात जाऊन बसते. मग ती पानाच्या माथ्यावरून हलत नाही, आणि इतरांना वाटतं हा मुद्दाम करतोय.

आणखी एक: फीडमध्ये पूर्ण मजकूर द्यायचा की सारांश? वर्डप्रेसच्या ‘रीडिंग’ सेटिंगमध्ये हा पर्याय आहे. मी पूर्ण मजकुराच्या बाजूचा. प्लॅनेट बहुतेक जण सलग वाचत जातात. दोन ओळींवर ‘पुढे वाचा’ दिसलं की बोट खालच्या पोस्टवर सरकतं. मात्र पूर्ण मजकूर दिला की त्याची प्रत प्लॅनेटच्या साठ्यात जाते. तुमच्या ब्लॉगवर पोस्ट खोडली तरी तिथली लगेच जाईल याची खात्री नसते. रागाच्या भरात लिहिलेलं रात्रभर ड्राफ्टमध्ये राहू द्यावं ते यासाठी.

दोन्हीकडे लिहिणारेही असतात. तुमचा लेख मॅगझिनमध्ये आला तर तोच मजकूर ब्लॉगवर पुन्हा चिकटवू नका. प्लॅनेटवरच्या बऱ्याच वाचकांनी तो आधीच पाहिलेला असतो. दुवा द्या आणि संपादकांनी जागेअभावी कापलेलं लिहा: कुठली कमांड आधी फसली, कुठला बग अजून उघडा आहे, आणि त्यावर पुढे कुणी काम करायला हवं आहे.