कन्हानच्या रेतीचा हिशेब समुद्रापर्यंत

नागपूरला समुद्र नाही. पण गोदावरीच्या मुखाशी किनारा का खचतो, हे समजून घ्यायला कन्हानच्या पात्रापासूनच सुरुवात करावी लागते.

कन्हान सातपुड्यात, छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावते. तिथले ग्रॅनाइटच्या जातकुळीचे खडक झिजले की मागे गारगोटीचे टणक कण उरतात. तीच आपली बांधकामाची रेती. नागपूरच्या पश्चिमेचा बेसाल्ट मात्र झिजून काळी माती होतो. म्हणून नाग नदीत दर उन्हाळ्यात पोकलेन उतरवून महापालिका जे उपसते, त्यात गाळ आणि शहराचा कचराच जास्त. तो उपसायलाच हवा, आणि काठावर न ठेवता लगेच हलवायलाही हवा, नाहीतर पहिल्याच पावसात पुन्हा पात्रात. कन्हानच्या रेतीची गोष्ट वेगळी. ही नदी आंभोऱ्याला वैनगंगेत मिसळते, वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. हजारो वर्षं सातपुड्याचे कण याच वाटेने खाली जात राहिले.

किनाऱ्यावर पोचलेली रेतीही एका जागी थांबत नाही. लाटा तिरक्या येतात, पाणी तिरकं चढतं आणि उताराने सरळ ओसरतं. प्रत्येक लाटेबरोबर कण किंचित बाजूला सरकतो. आपल्या पूर्व किनाऱ्यावर वर्षभराची बेरीज केली तर ही सरक उत्तरेकडे भरते. पुदुच्चेरीत १९८० च्या दशकाअखेरीस बंदरासाठी समुद्रात बांध घातले, तेव्हा दक्षिणेकडून येणारी रेती बांधापाशी अडली आणि शहरासमोरचा किनारा नाहीसा झाला. मग दगडांची भिंत रचली. भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याचीच रेती खरवडते, आणि भिंत जिथे संपते तिथून पुढे धूप सुरू होते. उत्तरेकडच्या मच्छीमार वस्त्यांनी ती सोसली. पुढे तिथे पाण्याखाली अडथळा बसवून आणि रेती टाकून शहराचा किनारा काही प्रमाणात परत मिळवला गेला.

रेती टाकून किनारा भरणं आता जगभर चालतं. नेदरलँड्सने २०११ मध्ये हेगजवळ २ कोटी घनमीटरहून जास्त रेती एकाच ठिकाणी ओतली. ती पसरवण्याचं काम लाटांवर आणि वाऱ्यावर सोडलं. कण मूळ रेतीएवढा किंवा थोडा जाडच लागतो. बारीक असेल तर समुद्र तो लवकर ओढून नेतो. पण मागून नैसर्गिक पुरवठाच होत नसेल, तर हे काम काही वर्षांनी पुन्हा करावं लागतं, आणि तो खर्च कायमचा मागे लागतो.

गोदावरीचा पुरवठा खरोखरच आटला आहे. १९७० च्या दशकात ती वर्षाला सुमारे १५ कोटी टन गाळ समुद्राकडे नेत होती. १९९० च्या दशकात हा आकडा ६ कोटी टनांच्या खाली आला. मुख्य कारण धरणं. वाहतं पाणी संथ पाण्यात शिरलं की जड रेती सगळ्यात आधी, जलाशयाच्या तोंडाशीच बसते. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचा फुगवटा, म्हणजे मागे साचलेलं पाणी, आंभोऱ्यापर्यंत येतो, म्हणजे कन्हानचा उपसा उद्या थांबवला तरी तिची रेती समुद्राला मिळणार नाही, हे मान्य करावंच लागेल.

म्हणून मला प्रश्न कुठून रेती घ्यायची याचा वाटतो. नागपूरच्या इमारतींसाठी टिप्पर भंडारा जिल्ह्यातूनही येतात. गोसीखुर्दच्या खालच्या, पवनीपासून पुढच्या घाटांवरची (पात्रातल्या रेती उपसण्याच्या ठिकाणांवरची) रेती अजून वाहत्या वाटेवर आहे. धरणामुळे तिथे वरून नवी येत नाही, आणि उपसली तर पात्र खोल जातं, काठ ढासळतात, विहिरींची पातळी उतरते. याउलट जलाशयाच्या तोंडाशी साचलेली रेती धरणाची साठवण खाते. ती काढली तर धरणाचाही फायदा आणि बांधकामाचाही. शिवाय २०२५ मध्ये राज्याने दगड फोडून केलेल्या कृत्रिम वाळूचं धोरण आणलं आहे, आणि नागपूरच्या आसपास बेसाल्टची वाण नाही.

घाटांचे निर्णय जिल्हाधिकारी कार्यालयात होतात, ग्रामसभेपुढेही विषय येतो. नियमांप्रमाणे पावसाळ्यात किती रेती नव्याने आली हे मोजून मगच उपसा ठरवायचा असतो. पावसाळ्याआधी आणि नंतर पात्राची उंची त्याच ठिकाणी मोजली की हे कळतं. आज प्रत्येक जिल्हा हा हिशेब आपल्या हद्दीपुरता मांडतो. नागपूर, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली यांचा तक्ता एकत्र ठेवला, तर सिरोंच्याला किती रेती पोचायला हवी होती आणि किती पोचली, हे पहिल्यांदा आकड्यांत दिसेल. घाटांच्या पुढच्या लिलावाआधी ग्रामसभांनी निदान आपल्या घाटावरच्या पात्राच्या उंचीचे, पावसाळ्याआधीचा आणि नंतरचा, हे दोन आकडे मागावेत.