सल्फेटच्या अहवालातला ०.४११६ हा आकडा येतो कुठून?

बोअरवेलच्या पाण्यातलं सल्फेट आम्ही वजन करून काढतो. पण तराजूवर सल्फेट सुटं येत नाही, बेरियम सल्फेट येतं. म्हणून अहवालात वजनापुढे एक गुणक असतो. तो ग्राहकांनी समजून घ्यावा असं आम्हाला मनापासून वाटतं, कारण पाणी पास की नापास हे त्यावर ठरू शकतं.

२५० मिली पाण्यात थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून ते उकळतो आणि त्यात गरम बेरियम क्लोराइड हळूहळू सोडतो. पांढरा साका धरतो. घाई केली तर कण बारीक राहून फिल्टर पेपरमधून निसटतात, म्हणून तो बराच वेळ गरम ठेवावा लागतो. मग गाळून गरम पाण्याने धुतो. खाली येणाऱ्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकल्यावर ते दुधाळ झालं नाही, म्हणजे त्यात क्लोराइड उरलं नाही, की धुणं पुरं. शेवटी क्रुसिबलमध्ये, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या छोट्या भांड्यात, ८०० अंश सेल्सिअसला भाजून, थंड करून वजन.

समजा ते ०.२७३३ ग्रॅम भरलं. बेरियम सल्फेटचा रेणुभार २३३.३९, त्यात सल्फेटचा वाटा ९६.०६.

९६.०६ ÷ २३३.३९ = ०.४११६
०.२७३३ × ०.४११६ = ०.११२५ ग्रॅम

२५० मिलीत ११२.५ मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला ४५०.

इथे एकास एक हिशेब आहे: बेरियम सल्फेटच्या एका रेणूत एकच सल्फेट. लोह फेरिक ऑक्साइडच्या रूपात तोलतात तेव्हा एका रेणूत लोहाचे दोन अणू असतात, म्हणून गुणक (२ × ५५.८४५) ÷ १५९.६९ = ०.६९९४. तो २ लिहायचा राहून गेला, तर उत्तर थेट निम्मं येतं.

आता खरा घोळ. पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १०५०० या भारतीय मानकात सल्फेटची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ४००. काँक्रीटच्या पाण्यासाठी आयएस ४५६ : २००० मध्येही ४००च आहे, पण ती सल्फर ट्रायऑक्साइडच्या हिशेबाने. त्याचा गुणक ८०.०६ ÷ २३३.३९ = ०.३४३०. वरच्याच वजनाला तो लावला, तर आकडा ३७५ येतो. म्हणजे हे पाणी पिण्यासाठी मर्यादेबाहेर, पण काँक्रीटसाठी, निदान सल्फेटपुरतं, चालणारं. ४५० पाहून साइटवर टँकर मागवायची गरज नाही. क्लोराइड आणि पीएच मात्र वेगळे तपासून घ्या.

नमुना देताना फॉर्मवर ‘पिण्यासाठी’ की ‘बांधकामासाठी’ ते लिहा. त्याप्रमाणे गुणक लावून, आकड्याशेजारी तो कशाच्या रूपात आहे तेही आम्ही छापतो. जुना अहवाल असेल तर घेऊन या, हिशेब समोर करून दाखवू.