पाण्याची टीम आणि पावसाची टीम

गेल्या रविवारी भाचा शेजारी बसून मोबाईलवर शोडाउनची, म्हणजे पोकेमॉनच्या लढती ऑनलाइन खेळायच्या साइटवरची, मॅच खेळत होता. पोकेमॉनच्या सातव्या जनरेशनचे, म्हणजे गेमच्या सातव्या पिढीचे, नियम, सहा विरुद्ध सहा. समोरच्याची टीम पडद्यावर आली: पेलिपर, स्वॅम्पर्ट, किंगड्रा, ग्रेनिन्जा, फेरोथॉर्न, टॉर्नेडस. त्यानं एक नजर टाकली आणि म्हणाला, "मामा, ह्याच्याकडं चार पाण्याचे आहेत की. जोल्टिऑन पुढं काढतो. वीज पाण्याला दुप्पट लागते."

समोरून पेलिपर आला आणि पाऊस सुरू झाला. जोल्टिऑनचा थंडरबोल्ट हा विजेचा मारा पेलिपरला चौपट लागतो, म्हणून भाच्यानं तोच दाबला. समोरच्यानं पेलिपर मागं घेतला आणि स्वॅम्पर्ट आणला. स्वॅम्पर्ट पाणी-जमीन अशा दुहेरी टाइपचा आणि जमिनीला वीज लागतच नाही. आता विजेवाल्यांना दुप्पट लागणारा अर्थक्वेक येणार म्हणून भाच्यानं जोल्टिऑन काढून व्हीनसॉर आणला, कारण गवत स्वॅम्पर्टला चौपट. त्याच टर्नला स्वॅम्पर्टच्या जागी टॉर्नेडस येऊन उभा. पुढच्या टर्नला हरिकेन पडलं आणि व्हीनसॉर एका फटक्यात गेला. तेराव्या टर्नला मॅच संपली. त्या तेरा टर्नमध्ये पेलिपर तीनदा येऊन गेला आणि पहिल्या थंडरबोल्टनंतर भाच्यानं एकदाही त्याच्यावर नेम धरला नाही.

भाच्याला टाइप चार्ट, म्हणजे कोणता टाइप कोणाला किती लागतो त्याचा तक्ता, तोंडपाठ आहे, त्यामुळं प्रश्न तिथं नव्हता. समोर होती पावसाची टीम आणि त्यानं तोड काढली ती पाण्याच्या टीमवरची. ही गल्लत मी इतक्या जणांना करताना पाहिली आहे, की दोन्ही टीम शेजारी ठेवून एकदा नीट सांगावंसं वाटलं.

सांगलीच्या माणसाला हा फरक खरं तर आधीच ठाऊक असतो. गावात ऊन पडलेलं असतं आणि तरी कृष्णा चढत असते, कारण पाऊस इथं नाही, वर कोयनेच्या पाणलोटात पडतो आहे. आयर्विन पुलाशी ४० फुटांवर इशारा पातळी, ४५ वर धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा इथला प्रत्येक जण दोनच गोष्टी विचारत होता: वरून किती सोडलंय आणि किती वेळ सोडणार आहेत. दारात आलेलं पाणी एक आणि ते आणणारा पाऊस दुसरा. खेळातही तसंच आहे.

पाण्याची टीम म्हणजे जिच्यातल्या सगळ्यांचा एक टाइप पाणी आहे. जुन्या गेममधले जिम लीडर, म्हणजे वाटेत हरवावे लागणारे उस्ताद, अशाच टीम घेऊन बसतात. शोडाउनवर मोनोटाइप नावाचा वेगळा प्रकारच आहे, तिथं सहाही जण एका टाइपचे असावे लागतात. पाणी हा सगळ्यात जास्त पोकेमॉन असलेला टाइप, त्यामुळं अशी टीम बांधणाऱ्याकडं निवडीला भरपूर वाव असतो. पाण्याला दोनच टाइप दुप्पट लागतात, वीज आणि गवत. नवा खेळाडू इथंच थांबतो आणि फसतो, कारण हे दोन टाइप समोरच्यालाही माहीत असतात. आपली दुखरी जागा कुठं आहे हे ठाऊक असलेला माणूस ती झाकूनच येतो.

एमराल्ड गेममधला चॅम्पियन वॉलेस हे उत्तम दाखवतो. त्याचे सहा जण वेलॉर्ड, टेंटाक्रुएल, लुडिकोलो, व्हिस्कॅश, गायराडॉस आणि मिलॉटिक. सगळे पाण्याचे. त्यांच्यासमोर वीज काढली तर गायराडॉसला चौपट, वेलॉर्ड, टेंटाक्रुएल आणि मिलॉटिकला दुप्पट, पण लुडिकोलोला साधीच, कारण त्याचा दुसरा टाइप गवत आहे. व्हिस्कॅशला शून्य. बरं, गवत काढलं तर व्हिस्कॅशला चौपट, वेलॉर्ड आणि मिलॉटिकला दुप्पट, बाकी तिघांना साधं. म्हणजे एका टीमला दोन किल्ल्या लागतात आणि लुडिकोलोला दोन्ही चालत नाहीत. त्याच्यासाठी विष, किडा किंवा उडणारा टाइप वेगळा बाळगावा लागतो. वर वेलॉर्डकडं ब्लिझर्ड आहे, ते गवतवाल्यांसाठीच.

म्हणून पाण्याच्या टीमसमोर अंदाज बांधायचा तो दुसऱ्या टाइपवरून. आपण विजेचा पोकेमॉन पुढं ठेवला की समोरून स्वॅम्पर्ट, गॅस्ट्रोडॉन किंवा क्वॅगसायर येणार, हे जवळजवळ ठरलेलं असतं. अशा वेळी समोर उभा आहे त्याला मारायचं नाही, येणार आहे त्याला मारायचं. सातव्या जनरेशनमध्ये जोल्टिऑनला हिडन पॉवर हा मारा गवताच्या टाइपचा देता यायचा. समोरचा स्विच, म्हणजे पोकेमॉनची अदलाबदल, ओळखून तो दाबला की आत येणाऱ्या स्वॅम्पर्टला चौपट बसतो. भाच्याच्या जोल्टिऑनकडं तो होता. एकदाही वापरला नाही.

मला विचाराल तर दोन्ही किल्ल्यांपेक्षा फ्रीझ-ड्राय ही मूव्ह जास्त कामाची. ती बर्फाची असूनही पाण्याला दुप्पट लागते. स्वॅम्पर्ट, गायराडॉस, लुडिकोलो, किंगड्रा, पेलिपर या सगळ्यांना ती चौपट बसते, कारण जमीन, उडणारा, गवत आणि ड्रॅगन हे त्यांचे दुसरे टाइप बर्फापुढं तसेही कच्चे. झाकायला आणलेला दुसरा टाइपच उघडा पडतो.

पाण्याच्या टीमबद्दल इतकं पुरे. ती पहिल्या टर्नला जशी असते तशीच विसाव्या टर्नला असते. पावसाची टीम तशी नसते.

पावसाच्या टीमला बांधून ठेवतं ते हवामान. पाऊस असताना पाण्याच्या मूव्हची ताकद दीडपट होते, आगीची निम्मी. स्विफ्ट स्विम ही अॅबिलिटी, म्हणजे अंगचा गुण, असलेल्यांचा वेग दुप्पट होतो. किंगड्राचा मूळ वेग ८५, जोल्टिऑनचा १३०, पण पावसात किंगड्रा जोल्टिऑनच्या आधी मारतो. मेगा झालेल्या, म्हणजे लढतीपुरतं बलाढ्य रूप घेतलेल्या, स्वॅम्पर्टलाही स्विफ्ट स्विम मिळतं. हरिकेन आणि थंडर या मूव्ह एरवी शंभरातल्या सत्तर वेळा लागतात, पावसात त्यांचा नेम चुकत नाही. भाच्याच्या व्हीनसॉरवर हरिकेन पडलं ते नशिबानं नाही. पाऊस होता म्हणून ते लागणारच होतं.

आता टीमकडं परत बघा. टॉर्नेडस पाण्याचा नाही, तो पावसातल्या हरिकेनसाठी आहे. फेरोथॉर्न गवत-पोलाद, त्याला आग चौपट लागते, पण पावसात आग निम्मी होत असल्यामुळं तो बचावतो. हे दोघं पाण्याचे नसूनही पावसाचे आहेत. ग्रेनिन्जाचं उलटं. त्याच्या पाण्याच्या मूव्हला पावसाचा फायदा मिळतो, पण पाऊस थांबला तरी त्याचं फारसं अडत नाही. नवव्या जनरेशनमध्ये तर डबल्समध्ये, म्हणजे दोन-दोन पोकेमॉन एकाच वेळी उतरतात त्या लढतींत, पेलिपर आणि आर्केलुडॉन ही जोडी गाजली. आर्केलुडॉन पोलाद-ड्रॅगन आहे. त्याच्या इलेक्ट्रो शॉटला एरवी एक टर्न तयारीत घालवावा लागतो, पावसात तो त्याच टर्नला सुटतो. त्या जोडीत पाण्याचा पोकेमॉन एकच. पाणी मोजत बसणाऱ्याला ती पावसाची टीम दिसणारच नाही.

मग ओळखायची कशी? पाऊस कोण आणतो ते शोधायचं. पाऊस आणणारी ड्रिझल अॅबिलिटी पेलिपरकडं असते, पॉलिटोडकडं असते. दोघांपैकी एक टीममध्ये दिसला की आधी बाकीचे पाच जण पावसाला धरून बघायचे, टाइपला धरून नंतर. मोनोटाइपमधल्या पाण्याच्या टीमही बऱ्याचदा पेलिपर ठेवतात, म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच टीममध्ये येतात. तिथंही मी आधी पावसाकडं बघतो, कारण त्याला मुदत आहे.

ही मुदत पाच टर्नची. पेलिपरनं डॅम्प रॉक ही वस्तू धरलेली असेल तर आठ. ज्या टर्नला पेलिपर स्विच होऊन आत येतो तो टर्नही मोजला जातो, म्हणजे त्याच्या हातात खरे चार किंवा सातच उरतात. पाचव्या जनरेशनपर्यंत अॅबिलिटीनं आणलेला पाऊस थांबतच नसे. २०१३ मध्ये एक्स आणि वाय आले तेव्हापासून ही मर्यादा लागली आणि तेव्हापासून पावसाच्या टीमसमोर टर्न मोजणं हेच मुख्य काम झालं. मार अडवणारा प्रोटेक्ट दाबला, एक टर्न गेला. मार झेलू शकणारा पोकेमॉन आत आणला, अजून एक गेला. पाण्याच्या टीमसमोर असा वेळ काढून हाती काही लागत नाही. पावसाच्या टीमसमोर वेळ काढणं हाच डाव असतो.

मुदत संपत आली की पेलिपरला परत यावंच लागतं. पावसाच्या टीमचा यापेक्षा पक्का अंदाज दुसरा नाही आणि त्याची तयारी आधी करून ठेवता येते. आत येणाऱ्याला टोचणारे स्टेल्थ रॉक पसरून ठेवले तर पाणी-उडणारा पेलिपर दर वेळी आत येताना चौथा हिस्सा जीव गमावतो. टॉर्नेडसलाही तितकाच फटका. पेलिपर रूस्टनं जीव भरून काढू शकतो, पण रूस्टवर खर्च झालेला टर्नही पावसाच्या हिशेबातूनच जातो. डीफॉगनं दगड साफ केले तरी तेच.

दुसरा उपाय हवामानच बदलण्याचा. नंतर लागू झालेलं हवामान आधीच्याला पुसतं. दोघं सेटर, म्हणजे हवामान आणणारे पोकेमॉन, एकाच वेळी मैदानात आले तर वेगवान पोकेमॉनची अॅबिलिटी आधी लागते आणि हळू असलेल्याची नंतर, म्हणून हळू असलेल्याचं हवामान टिकतं. टॉर्कोलचा मूळ वेग २०, त्यामुळं त्याचं ऊन पेलिपरच्या पावसावर सहज बसतं. वाळूचं वादळ आणणाऱ्या टायरानिटारचा ६१, पेलिपरचा ६५. फरक चारचाच, म्हणून टायरानिटारचा वेग वाढवायचा नाही, हे टीम बांधतानाच ठरवावं लागतं. अलोलन नाइनटेल्स मूळ १०९ वेगाची, तिला पेलिपरबरोबर उतरवू नये, त्याच्यामागून आणावी. मग ती गारा पाडून पाऊस घालवते आणि तिच्याकडं फ्रीझ-ड्रायही असतं.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. समोरच्याचं पाणी समोरच्याचंच असतं, पण पाऊस दोन्ही बाजूंवर पडतो. त्याच्या पावसात आपला थंडरही चुकत नाही. थंडरबोल्टची ताकद ९०, थंडरची ११०. टॉक्सिक्रोकची ड्राय स्किन पावसात दर टर्नला त्याचा आठवा हिस्सा जीव भरते आणि पाण्याची मूव्ह तर पिऊनच टाकते. आपल्या आगीच्या पोकेमॉनला मात्र त्या काळात पुढं काढू नये. फेरोथॉर्न दिसला म्हणून आग आणणाऱ्याचा निम्मा फटका पावसातच विझतो.

हे सगळं भाच्याला त्याच संध्याकाळी भडंग खाता खाता सांगितलं. त्यानं जोल्टिऑनला थंडर दिला, व्हीनसॉर काढून टायरानिटार घेतला, त्याला स्टेल्थ रॉक शिकवला आणि वेगाला हात लावला नाही. तिसऱ्या मॅचला पुन्हा पेलिपर असलेली टीम समोर आली. दोघंही पहिल्यालाच उतरले. पडद्यावर पाऊस सुरू झाला आणि लगेच त्यावर वाळूचं वादळ चढलं. पेलिपरनं पाण्याचा स्काल्ड मारला. पाणी टायरानिटारला दुप्पट लागतं खरं, पण वादळात दगडी टाइपचा स्पेशल डिफेन्स दीडपट होतो, म्हणून तो टिकला आणि त्यानं दगड पसरले. समोरच्यानं पेलिपर मागं घेतला, किंगड्रा आणला. भाच्यानं माझ्याकडं न बघता विचारलं, "मामा, आता ह्याचा वेग पंच्याऐंशीच ना?" आणि जोल्टिऑन आत पाठवला.