ग्लुकोजची उघडमीट

बारावीच्या पुस्तकात ग्लुकोज भेटतं ते शिडीसारखं: सहा कार्बन एकाखाली एक, वरच्या टोकाला अल्डिहाइड गट, म्हणजे ऑक्सिजनशी दुहेरी बंधानं जोडलेला कार्बन. तेच चित्र काढून मी गुण मिळवले, त्यामुळे ग्लुकोज असंच असतं अशी समजूत बरीच वर्षं टिकली. प्रत्यक्षात पाण्यात विरघळलेल्या ग्लुकोजच्या दहा हजार रेणूंत त्या सरळ रूपातला एखाद-दुसराच निघेल.

बाकीचे वेटोळं करून बसलेले असतात. साखळी वळली की पाचव्या कार्बनवरचा ऑक्सिजन पहिल्या कार्बनजवळ येतो. त्या कार्बनवर किंचित धनभार असतो, कारण दुहेरी बंधानं जोडलेला त्याचा ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढत असतो. पाचव्यावरचा ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांची आपली मोकळी जोडी घेऊन तिथे जडतो आणि पाच कार्बन, एक ऑक्सिजन असं षट्कोनी वलय तयार होतं. रेणुसूत्र तेच राहतं; बदलते ती फक्त जोडणी.

गंमत पुढे आहे. वलय मिटताना पहिल्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल (OH) गट दोनपैकी एका बाजूला जातो: एक अल्फा, दुसरं बीटा. ही रूपं ठाऊक होण्याआधीच, 1846 मध्ये, द्युब्रुनफो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला त्यांची चाहूल लागली होती. ग्लुकोजच्या ताज्या द्रावणातून ध्रुवित, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा, प्रकाश सोडला, तर त्याचं प्रतल जितकं वळतं तितकं नंतर वळत नाही. शुद्ध अल्फाचं विशिष्ट वलन (या वळण्याचं प्रमाणित माप) सुमारे +112 अंश, बीटाचं +19. सुरुवात कशानंही करा, काही तासांत आकडा 52.7 वर येऊन थांबतो. तेव्हा साधारण 36 टक्के अल्फा आणि 64 टक्के बीटा असतं. आकडा थांबतो, रेणू नाही. वलयं उघडतच असतात, पुन्हा मिटतच असतात.

अल्फाचं बीटा व्हायचं तर वाट त्या दुर्मीळ सरळ साखळीतूनच जाते. साखर ओळखण्याच्या चाचणीत बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाला विटकरी रंग आणते तीही तीच. थोडी साखळी खर्ची पडली की आणखी वलयं उघडतात. आपल्या डब्यातल्या साखरेत मात्र ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वलय जिथे उघडतं नेमक्या त्या सांध्यांवरच एकमेकांना जखडलेले असतात, म्हणून तिच्यासोबत हे द्रावण निळंच राहतं.

रक्तातही हेच चालू असतं. उघडलेलं ग्लुकोज हिमोग्लोबिनच्या टोकाला चिकटतं आणि तांबडी पेशी जगेल तोवर बहुतांशी तिथेच राहतं. मधुमेहींच्या रिपोर्टवर ‘एचबीएवनसी’ म्हणून गेल्या दोन-तीन महिन्यांचा जो हिशेब छापून येतो, तो या चिकटलेल्या ग्लुकोजचा.