खोकला नाही, एक्स-रे क्लिअर, म्हणजे टीबी नाहीच?

"खोकला नाही आणि छातीचा एक्स-रे क्लिअर आहे म्हणजे टीबी नाहीच" असं सांगणारा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, आणि परदेशात स्थायिक झालेल्या लोकांना तर तो जास्तच पटतो कारण बऱ्याच देशांत व्हिसासाठी एक्स-रे काढलेलाच असतो. पण एक्स-रे बघतो छाती. टीबीचे जंतू श्वासातून आत जातात हे खरं, पण तिथून रक्तातून किंवा लसिकेतून (गाठींना जोडणाऱ्या नळ्यांतून वाहणाऱ्या पातळ द्रवातून) मानेच्या गाठी, मणके, किडनी, आतडी, मेंदूचं आवरण असे कुठेही पोचतात आणि वर्षानुवर्षं झोपून राहतात. म्हणून टीबी जास्त असलेल्या देशातून आलेला माणूस चांगला सेटल झाल्यावरही आजारी पडू शकतो, आणि तिथल्या डॉक्टरांना लगेच सुचेलच असं नाही, तेव्हा आपला मूळ देश आपणच सांगायचा.

मानेत न दुखणारी गाठ आठवडे झाले तरी जात नाही, पाठदुखी हटत नाही, संध्याकाळी ताप, वजन उतरतंय, तर तपासून घ्या. गाठीतून सुईने नमुना घेऊन कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून बघणं) आणि जीन टेस्ट (जंतूंचा डीएनए शोधणं) करतात. नुसती रक्ताची टेस्ट निगेटिव्ह आली तरी टीबी नाही असं ठरत नाही.

आणि प्लीज, अशा पेशंटला घरात वेगळं पाडू नका, फुप्फुसात किंवा घशात टीबी नसेल तर तो सहसा पसरत नाही. औषधं साधारण ६ महिने, मेंदूच्या आवरणाचा असेल तर जास्त, आणि पूर्ण घेतली तर बहुतेक जण बरे होतात.