फ्लेक्सवर पिक्चरचा लोगो टाकताय? परवानगी कोणाची नि कागद कुठले

चवथ (गणपती) सरली की आमच्याकडे गोव्यात नरकासुराचे पुतळे, मग दिवाळी, मग डिसेंबरच्या पार्ट्या नि कॉलेजचे फेस्ट, आणि ह्या प्रत्येकाला आता 'थीम' लागते. बॅनर करणारा पोरगा गूगलवरून गाजलेल्या पिक्चरचा लोगो उचलतो, खाली क्लबचं नाव टाकतो नि फ्लेक्स छापायला पाठवतो. परवानगी काढली का विचारलं तर उत्तर ठरलेलं, काढली की, पंचायतीची एनओसी आहे, पोलिसांची आहे, साउंडचीपण आहे. अरे पण त्या सगळ्या कार्यक्रम करायच्या परवानग्या! पिक्चरचं नाव वापरायची परवानगी सरकार देतच नाही, त्याचा ना फॉर्म आहे ना खिडकी, ती नावाच्या मालकाकडूनच घ्यायची आणि लेखी घ्यायची.

आता ती कोणाला लागते. तुम्ही रीतसर हक्क घेऊन तोच पिक्चर दाखवताय आणि बॅनरवर साध्या अक्षरात 'संध्याकाळी ७ वाजता अमुक चित्रपट' एवढंच लिहिलंय तर ती माहिती झाली, ट्रेडमार्क म्हणजे धंद्याची ओळख असलेलं नाव किंवा लोगो, नि ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम ३० मध्ये अशा प्रामाणिक वापराला जागा आहे. पण पिक्चरचं नावच तुमच्या पार्टीचं नाव झालं, तिकीट लावलं, खाली बियरवाल्या स्पॉन्सरचा लोगो आला, म्हणजे ते नाव तुमच्यासाठी गर्दी ओढायला लागलं, आणि मग दुसऱ्याचा ट्रेडमार्क विनापरवानगी वापरण्याबद्दलचं कलम २९ आडवं येतं. त्यात जाहिरात तर येतेच, पण तोंडी वापरसुद्धा येतो, म्हणजे गाडीवर कर्णा लावून गावभर नाव पुकारत फिरलात तरी तो वापरच. आणि परवानगी नाही हे माहीत असून जाहिरात छापणारा प्रिंटरसुद्धा ह्याच कलमात सापडतो, म्हणून हल्ली काही फ्लेक्सवाले पत्र मागतात, त्यांच्यावर वैतागू नका. 'हा कार्यक्रम अधिकृत नाही' असं खाली बारीक अक्षरात टाकून सुटका होईल ह्या भरवशावर तर राहूच नका.

कोणीतरी हुशार म्हणतोच की पिक्चरच्या नावावर कॉपीराइट नसतो. खरं आहे, 'देसी बॉइज'च्या केसमध्ये २०१५ साली सुप्रीम कोर्टाने नुसत्या नावाला कॉपीराइट नाही असंच म्हटलं. पण कॉपीराइट वेगळा नि ट्रेडमार्क वेगळा. 'शोले' हे नाव वेबसाइटसाठी वगैरे वापरणाऱ्यांना दिल्ली हायकोर्टाने २०२२ मध्ये ते वापरायला मनाई केली आणि वर २५ लाख रुपये भरायला लावले. लोगो, पोस्टर, फोटो ह्यांच्यावर तर कॉपीराइटपण असतो. आणि हिरोचा चेहरा टाकलात तर तो तिसराच विषय, ती परवानगी त्या कलाकाराकडून.

'आमचं ना नफा ना तोटा' हेपण ऐकतो मी. कोलकात्यात २००७ साली एका दुर्गापूजा मंडळाने हॅरी पॉटरच्या किल्ल्याचा मंडप उभारला, तर लेखिका नि स्टुडिओ दिल्ली हायकोर्टात गेले, २० लाख मागितले. धंदा नाही म्हणून कोर्टाने उत्सव संपेपर्यंत मंडप राहू दिला, पण पुढे परवानगीशिवाय असं करायचं नाही असंपण सांगितलं. म्हणजे सूट मिळाली ती तेवढ्यापुरती.

आता प्रत्यक्ष काय करायचं. आधी आयपी इंडियाच्या (ट्रेडमार्क नोंदणाऱ्या सरकारी खात्याच्या) साइटवर पब्लिक सर्च करा, फुकट आहे. वर्डमार्कमध्ये (म्हणजे शब्दांनी शोधायच्या रकान्यात) नाव टाका, नोंदणी धंद्याच्या प्रकारानुसार 'क्लास'मध्ये होते, त्यातला क्लास ४१ बघा कारण करमणूक नि कार्यक्रम त्यात येतात, टीशर्ट काढणार असाल तर क्लास २५ पण बघा. स्टेटस नि मालकाचं नाव लिहून घ्या. तिथे काही सापडलं नाही म्हणून मोकळं रान समजू नका, नोंदणी नसलेल्या पण गाजलेल्या नावासाठीही मालक कोर्टात जाऊ शकतो. मालक कळत नसेल तर पिक्चरच्या सुरुवातीला येतं ते सेन्सॉर सर्टिफिकेट पॉज करून बघा, त्यावर निर्मात्याचं नाव असतं, पण हक्क पुढे विकलेले असू शकतात म्हणून पहिल्याच मेलमध्ये 'हे हक्क सध्या तुमच्याकडेच आहेत ना' हे विचारा.

मेलमध्ये गोलमाल नको. तारीख, जागा, किती माणसं, तिकीट किती, स्पॉन्सर कोण, लोगो कुठेकुठे लागणार (फ्लेक्स, इन्स्टा, पास, टीशर्ट), किती दिवस, आणि डिझाइनचा नमुना जोडायचाच. सोबत क्लबचं सोसायटी नोंदणी सर्टिफिकेट, पॅन, असेल तर जीएसटी, सही करणाऱ्याच्या नावाने कमिटीचा ठराव, हॉल किंवा मैदान बुक केल्याचं पत्र. असा काही सरकारी नियम नाही, पण समोरचा हेच मागतो, मग पहिल्यांदाच द्या ना. आम्ही एकदा स्पॉन्सरचं नाव उशिरा कळवलं तर सगळं डिझाइन परत मंजुरीला गेलं नि फ्लेक्स कार्यक्रमाच्या आदल्या रात्री लागले.

होकार आला तर लायसन्स लेखी करा, दोघांच्या सह्या, आणि मुदत, जागा, फी, डिझाइन मंजुरी, कार्यक्रमानंतर फ्लेक्स नि पोस्ट कधी काढायच्या हे सगळं त्यात हवं. एका कार्यक्रमासाठी ट्रेडमार्क ऑफिसात 'रजिस्टर्ड युजर' म्हणून नोंद करायची गरज नसते, लेखी करार पुरतो. उत्तर आलं नाही तर तो होकार नव्हे!

गाण्यांचं लायसन्स काढलंय म्हणून नावपण चालेल असं नाही, ते फक्त गाण्यांचं. आणि लग्नात गाणी वाजवायला लायसन्स नको असं सांगणारं गोवा सरकारने २०२४ मध्ये काढलेलं परिपत्रक हायकोर्टाने त्याच वर्षी रद्द केलं, त्याचा दाखला देणारे अजून भेटतात.

माझं विचाराल तर दरवर्षी करायचा कार्यक्रम असेल तर स्वतःचंच नाव काढा नि ते ट्रेडमार्क म्हणून नोंदवायचा टीएम-ए फॉर्म भरा. गोवा मुंबईच्या ट्रेडमार्क ऑफिसखाली येतं पण फॉर्म ऑनलाइन भरतो, तिकडे जावं लागत नाही. एका क्लासला फी ४,५०० रुपये, ती एकट्या माणसाला, स्टार्टअपला नि छोट्या उद्योगाला (उद्यम सर्टिफिकेट जोडायचं), बाकीच्यांना ९,०००. लोगोची जेपीजी, आणि आधीपासून वापरत असाल तर जुन्या पत्रिका, बिलं नि अ‍ॅफिडेव्हिट. ट्रेडमार्क ऑफिसच्या जर्नलमध्ये तुमचा अर्ज छापून आल्यावर ४ महिने कोणी हरकत घेऊ शकतो, मग नोंदणी, ती १० वर्षं चालते. जुन्या वापराचा पुरावा लागतो म्हणून जुने फ्लेक्स नि पत्रिका रद्दीत घालू नका, तारखेसकट फोटो काढून ठेवा.